पाणी जातं कुठे?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. तिचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. ते मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतं तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. म्हणजे तिन्ही मिळून सेकंदाला ७५ भडके. प्रत्येक भडक्यात ज्वाळेचं तापमान क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. आणि या भडक्यांच्या माथ्यावर जे हेड बसवलेलं असतं, ते ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं! शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि त्याची ताकद तर त्याच्या निम्म्या तापमानालाच ओसरायला लागते.

तरीही ते टिकतं. एक तर भडका क्षणापुरता असतो. दुसरं म्हणजे धातूच्या पलीकडच्या अंगाला, काही मिलिमीटरवर, पाणी वाहत असतं. अलीकडे जाळ, पलीकडे नव्वद अंशांचं पाणी, आणि मधे बोटाच्या पेराएवढीही नसलेली भिंत. ती भिंत त्या पाण्याच्या भरवशावर उभी असते. पाणी किती? कळशीभरही नाही.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचे ढोबळ तीन वाटे होतात. एक चाकांकडे जातो, एक सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर पडतो आणि एक पाण्यात उतरतो. घाट चढताना इंजिन १५ किलोवॅट ताकद देत असेल, तर जवळपास तेवढीच उष्णता पाणीही उचलत असतं. समजा चार लिटर पाणी आहे आणि रेडिएटरने अचानक काम थांबवलं. नव्वद अंशांचं पाणी एकशेवीसवर जायला कागदावरच्या हिशेबाने अर्धं मिनिट पुरतं. इंजिनाचा धातूही थोडी उष्णता पितो, म्हणून प्रत्यक्षात जरा सवड मिळते; पण ती मिनिटांची, तासांची नव्हे. गळतीकडे काणाडोळा करणाऱ्यांना हा हिशेब एकदा करायला लावला पाहिजे.

पाण्याचीच निवड का झाली, याचं उत्तर त्याच्या अंगच्या एका गुणात आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. तेलाला साधारण निम्मे पुरतात, हवेला एकच. इतकी उष्णता पोटात घेऊन इतकं कमी तापणारा दुसरा स्वस्त द्रव निसर्गाने आपल्याला दिलेला नाही.

मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास हा पाणी भरत केलेला प्रवास होता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर शंभरेक किलोमीटर. त्या गाडीत रेडिएटर नव्हता. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. उपाय बिनतोड होता, फक्त वाटेत दिसेल तिथे पाणी मागावं लागे. पुढे डाइमलर कंपनीत विल्हेल्म मायबाखने १९०० च्या सुमाराला जाळीदार रेडिएटर बनवला. सहा मिलिमीटर चौरसाच्या ८,०७० बारीक नळ्या, त्यांच्यातून वारा आणि त्यांच्या भोवती पाणी. पाणी तेच, पण त्याला वाऱ्याशी भिडायला कित्येक पट जागा मिळाली, आणि गाडीला लागणारं पाणी निम्म्यावर आलं. आजचा रेडिएटर त्याच कुळातला. मिस्त्री लोक त्याला अजूनही ‘जाळी’च म्हणतात.

रेडिएटरच्या तोंडावरच्या झाकणाकडे मात्र कुणी फारसं बघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात हुशार भाग तोच. ते झाकण म्हणजे कुकरची शिटी. आतला दाब वातावरणापेक्षा साधारण ०.९ बारने वाढेपर्यंत ते हलत नाही. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच खदखदतं, आणि इंजिनातलं पाणी तर नव्वदच्या आगेमागे असणारच. झाकणाचं रबर गेलेली गाडी पसरणीचा घाट चढून पाचगणीला टेकते आणि बॉनेटखालून वाफा सोडते, त्यात नवल नाही. बिचारीचं पाणी कुठेच गळत नसतं, ते वेळेआधी उकळत असतं. म्हणून गळती शोधताना पहिला संशय या झाकणावर घ्यावा. स्वस्त आहे, आणि बदलायला पान्हाही लागत नाही.

मात्र गरम इंजिनावर ते उघडायचं नाही. हे सगळेच सांगतात, पण कारण कुणी सांगत नाही. आत ११० अंशांचं चार लिटर पाणी आहे असं धरा. झाकण फिरवलं की दाब संपतो, आणि शंभरच्या वरची सगळी उष्णता एका दमात पाण्याची वाफ करायला लागते. वाफ होतं ते जेमतेम पाऊण वाटी पाणी. पण पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. त्या पाऊण वाटीची वाफ होते सव्वाशे लिटरच्या आसपास, आणि बाहेर पडायला वाट एकच, तुमच्या तोंडासमोरची.

आता गळतीकडे वळू. वाईला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे पंचवीस वर्षांची एक छोटी, तीन सिलिंडरचीच गाडी आहे. तिचं पाणी कमी व्हायला लागलं. जमिनीवर डबकं नाही, होज पाइप कोरडे, पण रेडिएटरच्या जोडीच्या बाटलीतली पातळी खाली खाली. पाणी जाणार कुठे?

त्याने आधी तेच केलं जे आपल्याकडे ट्रकवाल्यांनी पिढ्यानपिढ्या केलं आहे: रेडिएटरमध्ये हळद टाकली. या उपायाला हसू नये. पाण्याबरोबर फिरणारे हळदीचे कण गळतीच्या तोंडाशी येतात, तिथे पाणी सुकतं, कण मागे राहतात आणि साचत साचत भोक बुजतं. सुईच्या टोकाएवढी गळती असेल तर माणूस घरी पोचतो. अडचण एवढीच की हळदीला गळतीचं भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, हे कळत नाही. ती दोन्हीकडे साचते. घाटात अडकलेल्याने वापरावी; अंगणात उभ्या असलेल्या गाडीत नको.

गावातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आणि आत डोकवायच्या आधी प्रश्न विचारला, “पाणी जातं कधी?”

“कधी म्हणजे?” मावसभाऊ.

“सकाळी? चालवून आल्यावर? घाटात? का नुसतं उभ्या उभ्या?”

मला हा प्रश्न फार आवडला. आपण सगळे ‘कुठे’ शोधत बसतो. पण बंद, तापणाऱ्या आणि निवणाऱ्या यंत्रात प्रत्येक गळतीची एक वेळ असते, आणि ती कळली की जागा अर्धी सापडलेली असते. होज पाइपचं रबर आणि आतला धातूचा नळ गारठल्यावर सारखे आकसत नाहीत. क्लिप ढिली असेल तर तिथून थंडीच्या पहाटे पाणी झिरपतं, आणि इंजिन तापलं की थांबतं. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला गेलेला तडा उलटा वागतो: गार असताना मिटलेला, दाब आला की उघडणारा. तिसरी गळती गाडी बंद केल्यावर होते, आणि अनेकांना ती चमत्कारिक वाटते. इंजिन थांबलं की पंपही थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता पाण्यात उतरतच राहते. त्यामुळे चावी काढल्यावर काही मिनिटं पाण्याचं तापमान आणि दाब दोन्ही वाढतात. रस्ताभर कोरडी आलेली गाडी नेमकी दारात उभी राहिल्यावर का गळते, त्याचं कारण हे.

काही गळत्या गाडीच्या आतच होतात. डॅशबोर्डमागे हीटरची एक छोटी जाळी असते. ती फुटली की पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं होतं, काचेवर पुसून न जाणारा तेलकट धूसर थर बसतो आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भरलेलं असेल तर गोडसर वास येतो. तो वास कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा. चवही गोड असते म्हणतात, आणि धोका तिथेच आहे: ते विषारी आहे, मूत्रपिंडं निकामी करतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात.

डॅशबोर्डवरचा काटा कधी फसवतो तेही मिस्त्रींनी मावसभावाला समजावलं. पाणी कमी झालं की काटा चढतो, हे खरं. पण पाणी फारच कमी झालं की तो एकाएकी खाली येतो, आणि चालक सुटकेचा निःश्वास टाकतो. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगणार. पातळी त्याच्याही खाली गेली की तो वाफेत किंवा हवेत लोंबकळतो, आणि हवा त्याला धातूची खबर नीट पोचवत नाही. काटा खाली आला याचा अर्थ अशा वेळी इंजिन निवलं असा नसतो. काही मिनिटांत हेड वाकणार असतं.

मिस्त्रींच्या ‘कधी’ला मावसभावाच्या गाडीचं उत्तर होतं, “चालवून आल्यावर कमी होतं. उभी असली की नाही.”

बाहेर डबकं नाही आणि पाणी चालताना जातं, म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या मनात एकच धास्ती आली: हेड गॅस्केट. ब्लॉक आणि हेड यांच्यामधली ही पातळ चकती एका बाजूला जाळ आणि दुसऱ्या बाजूला पाणी अशी दोघांना वेगळं ठेवते. ती गेली की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि पांढरा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. किंवा ते तेलात मिसळतं आणि डिपस्टिकला दुधाळ फेस लागतो. इथे यातलं काही नव्हतं. तरी मिस्त्रींनी खात्री करून घेतली, आणि त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. काचेच्या एका नळकांड्यात निळा द्रव होता, ब्रोमोथायमॉल ब्लू. रेडिएटरच्या तोंडाशी साचलेली हवा त्यातून ओढायची. गॅस्केट फुटलेलं असेल तर त्या हवेत जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होतो, आणि निळा द्रव पिवळा पडतो. शाळेतला लिटमसचा प्रयोग, फक्त इथे पणाला लागलेली असते इंजिन उतरवायची मजुरी. द्रव निळाच राहिला. घरात चहा झाला.

मग दाबाची चाचणी. गार इंजिनावर, झाकणाच्या जागी एक हातपंप बसवला आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली. इंजिन बंद, गाडी स्तब्ध. कुठेही फट असेल तर पंपावरच्या दाबाच्या घड्याळातला काटा हळूहळू उतरतो, आणि जिथून पाणी येतं तिथे ते थेंब धरतं. थेंबाची वाफ व्हायला इंजिन गरम नाही, त्यामुळे तो दिसतोच. या चाचणीत बहुतेक चोर सापडतात. आम्ही काट्याकडे टक लावून बसलो. काटा जागचा हलला नाही.

म्हणजे ही गाडी उभी असताना गळतच नव्हती, आणि मावसभाऊ तेच तर सांगत होता. आता ती चालत असताना आत बघायचं, तेही पट्टे आणि पुल्या फिरत असताना. ते शक्य नाही. तेव्हा गळणाऱ्या पाण्याने स्वतःच खूण मागे ठेवावी, अशी सोय करायची.

ही सोय जुनी आहे आणि तिचा पहिला गाजलेला उपयोग एका नदीवर झाला. जर्मनीत इमेंडिंगन गावाजवळ डॅन्यूबचं पाणी पात्रातच नाहीसं होतं. उन्हाळ्यात कधी कधी पात्र पार कोरडं पडतं. तिथून बाराएक किलोमीटरवर आख नावाचा मोठा झरा आहे, आणि त्याचं पाणी पुढे ऱ्हाइनला मिळतं. दोन्हींचा जमिनीखालून संबंध असावा, अशी शंका होती. १८७७ मध्ये भूशास्त्रज्ञ आडोल्फ क्नोप यांनी डॅन्यूबच्या त्या गळतीत इतर गोष्टींबरोबर दहा किलो फ्लुओरेसिन ओतलं. आडोल्फ फॉन बायर यांनी हा रंग १८७१ मध्ये, म्हणजे जेमतेम सहा वर्षांपूर्वी बनवला होता. साठेक तासांनी आखच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकायला लागलं. काळ्या समुद्राकडे निघालेली नदी वाटेत गळून उत्तर समुद्राला जात होती!

फ्लुओरेसिनचा एक कण लाखो कण पाण्यात मिसळला तरी तो लपत नाही, कारण त्याच्यावर पडणारा निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाश शोषून तो हिरवा-पिवळा प्रकाश परत टाकतो. अंधारात तर तो स्वतःच पेटल्यासारखा दिसतो. जुन्या धाटणीच्या हिरव्या कूलंटला हिरवेपणा बहुधा याच रंगाने येतो. हळदीतलं कर्क्युमिनही अतिनील उजेडात चमकतं, हे मला नंतर सुचलं. पण त्या दिवशी त्यावर कुणी विसंबून राहिलं नाही.

मावसभावाच्या गाडीत साधं पाणीच होतं. मिस्त्रींनी त्यात चमचाभर असाच चमकणारा डाय टाकला, पाण्यात मिसळणारा. एसीवाल्यांकडे मिळणारा डाय तेलात मिसळणारा असतो, तो इथे चालत नाही. गाडी पसरणीच्या घाटातून पाचगणीपर्यंत नेऊन आणली. अंधार पडल्यावर शेडमधले दिवे घालवले आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च बॉनेटखाली फिरवला.

पहिल्यांदा जागोजाग शिंतोडे दिसले. पट्ट्याने फेकलेले थेंब इंजिनभर उडाले होते, आणि तिथल्या तिथे तापलेल्या धातूवर सुकले होते. डबकं का पडत नव्हतं, ते कळलं. पण शिंतोड्यांच्या रोखाने उलटं जात जात टॉर्च वॉटर पंपापाशी आला. आमच्याकडे सगळे मिस्त्री त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक आहे, आणि त्या भोकातून सुरू झालेली हिरवी-पिवळी रेघ ब्लॉकवरून खाली गेली होती.

“तडा गेलाय?” मावसभावाने विचारलं.

“नाही साहेब. हे भोक कंपनीनंच ठेवलेलं असतं.”

पंपाचा दांडा एका टोकाला पाण्यात असतो, दुसऱ्या टोकाला पुली. फिरणाऱ्या दांड्याच्या भोवतीने पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिथे दोन कड्या एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. एक कार्बनची, एक सिरॅमिकची. एक स्थिर, एक फिरणारी. दोघींचे चेहरे इतके सपाट घासलेले असतात की त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. आणि त्या फटीत पाण्याचा पापुद्रा असावाच लागतो. तो नसेल तर कड्या कोरड्या घासून जळतील. म्हणजे चांगला पंपसुद्धा किंचित गळतच असतो, इतका कमी की ते पाणी वाटेतच वाफ होऊन जातं. गळती थोपवणारी वस्तू थोड्या गळतीवरच जगते, हे कळल्यापासून मी वॉटर पंपाकडे आदराने बघतो.

कड्या झिजल्या की पापुद्र्याची धार होते. ती धार बेअरिंगमध्ये शिरली तर बेअरिंग गंजून जाम होईल, आणि पट्टा तुटेल. म्हणून कड्यांची ही जोडी, म्हणजे सील, आणि बेअरिंग यांच्यामधे ते भोक ठेवलेलं असतं. ते गळायला लागलं की सील गेलं, हा निरोप. कुणीतरी हे भोक एम-सीलने बुजवतो, आणि निरोप्याचंच तोंड बंद करतो.

दाबाच्या चाचणीत ही गळती का दिसली नाही, तेही उलगडलं. मिस्त्रींनी पट्टा सोडवून पुली दोन बोटांत धरून हलवली. खेळ होता. उभ्या गाडीत स्प्रिंग दोन्ही कड्या दाबून धरत होती. दांडा फिरायला लागला की ढिल्या बेअरिंगवर तो डुगडुगायचा आणि कड्यांची जोडी उघडायची.

दुरुस्तीत नवल काही नव्हतं, मेहनत होती. पुण्याच्या नाना पेठेतून पंप, गॅस्केट आणि पट्टा मागवला. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर हलक्या हाताने खरवडला, कारण तिथे राहिलेला चरा पुढची गळती असते. जुना पंप फोडून बघितला तेव्हा कार्बनच्या कडीवर वर्तुळाकार ओरखडे होते, आणि मागच्या खोबणीत गंज, क्षार आणि पिवळट गाळ. विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं भरल्यावर कॅल्शियम तापलेल्या धातूवर बसतो, कपचे निघतात आणि ते कानशीचं काम करतात. हळदीने सीलचं काय केलं कुणास ठाऊक, पण तिने रेडिएटरची एक बाजू चांगलीच चोंदवली होती. जाळी उतरवून धुऊन घ्यावी लागली.

कूलंटबद्दल एक गैरसमज आहे की ते पाण्याहून जास्त थंडावा देतं. उलट आहे. ग्लायकॉल मिसळल्याने पाण्याची उष्णता उचलायची ताकद कमी होते. पण निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावरही १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्यातली रसायनं ॲल्युमिनियम, लोखंड आणि तांबं यांना एकाच पाण्यात नांदवतात. वाईत पाणी गोठायची भीती नाही. इथे कूलंट भरायचं ते गंजासाठी आणि घाटासाठी. बरोबर डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही.

शेवटी हवा काढली. वाकड्यातिकड्या वाटांत अडकलेला हवेचा बुडबुडा पाण्याला अडवतो आणि नवा पंपही निरुपयोगी ठरवतो. गार इंजिन, गाडीचं तोंड चढाला, हीटर पूर्ण उघडा, झाकण काढलेलं. आणि इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, उघडेपर्यंत थांबायचं. रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येतात, पातळी बसते, आपण भरत राहायचं. त्यानंतरही पहिल्या काही फेऱ्यांत बाटलीतली पातळी थोडी उतरते. ती गळती नसते, उरलेली हवा निघून तिची जागा पाण्याने घेतलेली असते. सकाळी, गार इंजिनावर, पुन्हा रेषेपर्यंत भरायचं.

उरलेलं कूलंट मिस्त्रींनी झाकणाच्या कॅनमध्ये बंद केलं, शेडबाहेर दोन कुत्री कायम बसलेली असतात म्हणून. आणि ते त्यांनी मावसभावाला हिरवंच घ्यायला लावलं होतं. पुढच्या वेळी डाय टाकायला लागणार नाही, नुसता टॉर्च पुरेल.